आरंभीच्या ख्रिस्ती कलेपासून गॉथिकपर्यंत: अभ्यासाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

निळी शाई

नमस्कार. गेले चार महिने मी आरंभीच्या ख्रिस्ती, बायझंटिन, इस्लामी आणि मध्ययुगीन युरोपीय कलेचा व वास्तुकलेचा अभ्यास स्वतःच करत आहे. समोर कोणतीही परीक्षा नाही. विषयाची ओढ आहे, म्हणून वाचते आहे. तिसऱ्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतचा पल्ला असल्याने सुरुवातीला मी वहीत सनावळ्या उतरवून घेतल्या: रोममधील सांता साबिना ४२२ ते ४३२, कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया ५३२ ते ५३७, जेरुसलेमचा घुमट ६९१-९२, पॅरिसजवळील सेंट डेनिसच्या नव्या पूर्वभागाचा समर्पणविधी ११४४. हे सारे आता पाठ झाले आहे. तरीही एखाद्या अनोळखी इमारतीचे छायाचित्र समोर आले की ती कुठल्या काळातली, कशासाठी बांधलेली आणि तशीच का बांधलेली, यांतले काहीच मला खात्रीने सांगता येत नाही.

त्यातून काही प्रश्न पडले आहेत. आधी वास्तूंचे तलविन्यास (जमिनीवरच्या मांडणीचे नकाशे) शिकावेत की चित्रे आणि कुट्टिमचित्रे, म्हणजे काचेच्या वा दगडाच्या छोट्या तुकड्यांची चित्रे (मोझेक)? बहुतेक ग्रंथांत इस्लामी कलेला बायझंटिन (पूर्व रोमन साम्राज्याची) आणि रोमनेस्क (पश्चिम युरोपातील गॉथिकच्या आधीची शैली) यांच्यामध्ये एक प्रकरण दिलेले असते. ही मांडणी योग्य आहे का, की तो विषय पूर्णपणे वेगळा काढून शिकावा? आणि ज्या वास्तूत आपण कधी उभे राहिलेलो नाही, तिच्याविषयी प्रामाणिकपणे लिहायचे कसे? ज्यांनी हा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उंच जोते

सनावळ्या पाठ केल्यात ते वाया गेलेले नाही, मात्र त्या अडकवायला खुंटी हवी. माझ्या मते ती खुंटी म्हणजे एकच प्रश्न: या वास्तूत माणसे नेमके काय करत होती? तो विचारल्यावाचून तलविन्यास ही निव्वळ रेघोट्यांची आकृती राहते.

रोमन मंदिर घ्या. बळी देण्याची वेदी मंदिरासमोर, उघड्यावर असे आणि लोकही बाहेरच जमत. आतला गाभारा देवाच्या मूर्तीसाठी होता. ख्रिस्ती उपासनेत मात्र सगळा समुदाय छपराखाली एकत्र येऊन प्रवचन ऐकतो आणि एका टेबलाभोवती विधी करतो. त्यामुळे ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिकिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर मोठी चर्चे बांधायची वेळ आली, तेव्हा मंदिराचा नमुना उपयोगाचा नव्हता. न्यायदान आणि व्यवहार ज्या लांबट सभागृहात चालत ते बॅसिलिका हे रोमन सभागृह हाताशी होते आणि जुन्या देवांच्या पूजेशी त्याचे नाते घट्ट नव्हते. त्याचे प्रवेशद्वार अरुंद बाजूला घेतले, समोरच्या टोकाला ॲप्स, म्हणजे अर्धवर्तुळाकार कोनाडा, ठेवला आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा उभ्या केल्या की दारातून आत आलेला माणूस आपोआप वेदीकडे चालू लागतो. सांता साबिनाच्या मध्यदालनाचे छायाचित्र समोर ठेवून खांबांच्या ओळीवरून नजर फिरवा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल.

त्याआधीची अवस्था पाहायची असेल तर युफ्रेटीस नदीकाठच्या ड्यूरा-युरोपोस या नगराकडे जा. तिथे तिसऱ्या शतकात एका साध्या घराच्या खोल्या बदलून ख्रिस्ती उपासनागृह केले होते. बाप्तिस्म्याच्या खोलीत कुंडाच्या वर खांद्यावर मेंढी घेतलेला मेंढपाळ रंगवलेला आहे. ही चित्रे टिकली ती वेढ्यामुळे. इराणच्या सासानी सैन्याविरुद्ध तटबंदी बळकट करण्यासाठी रोमन सैनिकांनी तटालगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या, २५६ च्या सुमारास नगर पडले आणि ती चित्रे विसाव्या शतकातील उत्खननापर्यंत मातीखाली सुखरूप राहिली. त्याच रस्त्यावर ज्यूंचे प्रार्थनागृह होते आणि त्याच्या भिंती बायबलमधील प्रसंगांनी भरलेल्या होत्या. आरंभीची ख्रिस्ती कला एकाकी जन्मली नाही, हे इथे डोळ्यांनी दिसते.

दुसरा धागा केंद्रवर्ती वास्तूचा. जिथे लोकांनी एका दिशेने चालत जाण्यापेक्षा एखाद्या बिंदूभोवती उभे राहायचे असते, म्हणजे थडगे, बाप्तिस्म्याचे कुंड किंवा पवित्र स्थळ असते, तिथे वर्तुळ किंवा अष्टकोन येतो. रोममधील सांता कोस्तान्झा हे चौथ्या शतकातील समाधिस्थान याचे उत्तम उदाहरण असून त्यात खांबांच्या बारा जोड्या मधला घुमट तोलतात आणि त्यांच्याभोवती फेरी मारता येते. हा आकार एकदा हाताने काढून पाहिलात की इटलीतील राव्हेन्नाचे सान व्हिताले हे चर्च, जेरुसलेमचा घुमट आणि शार्लमेनने इ. स. ८०० च्या सुमारास आखेन येथे बांधवलेले राजप्रासादाचे चॅपेल या तिन्ही वास्तू एकमेकींशी बोलू लागतात. तेव्हा माझे उत्तर असे की आधी तलविन्यास, आणि तोही छापील न पाहता पेन्सिलीने कागदावर उतरवून.

काजवा

वरच्या प्रतिसादातील बरेचसे मला मान्य आहे, तरी 'आधी तलविन्यास' या सल्ल्याशी मी सहमत नाही. तलविन्यास हा आपण वरून पाहिलेला नकाशा आहे. त्या काळच्या माणसाला तो कधीच दिसला नाही. त्याला दिसला तो प्रकाश, आणि बायझंटिन वास्तूत तर प्रकाश हेच मुख्य बांधकामसाहित्य आहे, असे मी म्हणेन.

हागिया सोफिया पाहा. अँथेमियस आणि इसिडोरस या दोघा गणितज्ञ-स्थपतींनी ती पाच-सहा वर्षांत उभी केली. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट चौकोनी जागेवर बसवायचा म्हणून चार मोठ्या कमानींच्या मधले कोपरे गोलाकार त्रिकोणांनी भरले. त्यांनाच पेंडेंटिव्ह म्हणतात. हे झाले तंत्र. आत उभ्या असलेल्या माणसाला मात्र घुमटाच्या पायथ्याशी चाळीस खिडक्यांची माळ दिसते आणि त्या उजेडात आधार दिसेनासे होतात. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की हा घुमट भक्कम बांधकामावर टेकलेला वाटत नाही, स्वर्गातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटतो. त्या धाडसाची किंमतही मोजावी लागली, कारण पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि नंतरचा अधिक उंच बांधून ५६२ पर्यंत पूर्ण करण्यात आला. नुसत्या तलविन्यासावरून ही उंची वाढवण्याची गोष्ट तुम्हाला कळणारच नाही. त्यासाठी उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखे दाखवणारे रेखाचित्र, पाहावा लागतो.

कुट्टिमचित्रांचेही तसेच आहे. सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. कारागीर हे तुकडे ओल्या गिलाव्यात एका पातळीत न बसवता थोडे थोडे कलते ठेवत, त्यामुळे दिव्याची ज्योत हलली किंवा पाहणारा दोन पावले सरकला की चमक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते. छायाचित्रात ते सोने एकसारखे पिवळे आणि निर्जीव दिसते. म्हणून एकाच कुट्टिमचित्राची वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चार-पाच छायाचित्रे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावा. जिथे आपण गेलेलो नाही त्या वास्तूविषयी लिहिताना 'या छायाचित्रात असे दिसते' एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. 'आत शिरताच असे वाटते' हे वाक्य आपल्या हक्काचे नाही.

प्रतिमांच्या वादाकडेही लवकर वळा, कारण त्यावाचून बायझंटिन कलेतील मोठी पोकळी समजत नाही. आठव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ७८७ पर्यंत आणि पुन्हा ८१५ ते ८४३ या काळात साम्राज्यात धार्मिक प्रतिमांना बंदी होती. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया आयरीनी चर्चच्या ॲप्समध्ये सोनेरी पार्श्वभूमीवर केवळ एक क्रॉस उभा आहे, तो त्या काळातला. मग सहाव्या शतकातील प्रतिमा आपल्याला कुठे पाहायला मिळतात? सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात, जिथे मेणरंगातील ख्रिस्ताची विख्यात प्रतिमा आहे. बंदीच्या काळात हा मठ बायझंटिन सत्तेखाली नव्हता, मुस्लिम सत्तेखालील प्रदेशात होता, आणि म्हणूनच सम्राटाच्या हुकमाची झळ तिथे पोहोचली नाही. प्रतिमांच्या बाजूने सर्वांत प्रभावी लेखन करणारा दमास्कसचा योहानही खिलाफतीच्या प्रदेशातच राहत होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे होते, पण ते मी अधिक जाणकारांवर सोपवतो.

वेशीवरचा

मूळ प्रश्नातील इस्लामी कलेविषयीच्या शंकेवर लिहितो, कारण बरीच वर्षे मी याच गोष्टीशी झगडत आलो आहे. इस्लामी कलेला एका प्रकरणात कोंबणे चूक आहे, आणि तिला पूर्ण वेगळी काढणे ही त्याहून मोठी चूक आहे. एका प्रकरणात स्पेनमधील कोर्दोबा, कैरो, इराकमधील समारा आणि इराणमधील इस्फहान बसवले की वाचकाला वाटते की ही एकच अखंड शैली होती. प्रत्यक्षात समाऱ्याचा नवव्या शतकातला सर्पिल मनोरा पक्क्या विटांच्या मेसोपोटेमियाचा आहे, तर इस्फहानच्या जामा मशिदीचा मोकळ्या अंगणाभोवती चार इवान, म्हणजे एका बाजूने उघडी कमानदार दालने, मांडण्याचा विचार इराणी बांधणीतून आला. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर इस्लामच्या पहिल्या शतकातली वास्तू शेजारच्या ख्रिस्ती वास्तूंवाचून वाचताच येत नाही.

जेरुसलेमचा घुमट खलिफा अब्द अल-मलिकने बांधवला. ही नेहमीच्या अर्थाने मशीद नव्हे. खडकाभोवती फेरी घालता यावी अशी ती अष्टकोनी वास्तू आहे, म्हणजे वर सांगितलेला केंद्रवर्ती धागाच. घुमटाचा व्यास सुमारे २० मीटर आहे, आणि त्याच शहरातील ख्रिस्ताच्या थडग्यावरील वर्तुळाकार वास्तूचा घुमटही जवळजवळ तेवढाच होता. आतल्या कुट्टिमचित्रांत झाडे, वेली, मुकुट आणि दागिने आहेत. माणूस किंवा प्राणी एकही नाही. कमानींच्या वरून सुमारे २४० मीटर लांबीचा, कुट्टिमकामातच घडवलेला लेखपट्टा फिरतो, ज्यात ईसा हा मर्यमचा पुत्र आणि अल्लाचा प्रेषित आहे, पण अल्लाला पुत्र नाही, अशा अर्थाची कुराणवचने आहेत. ज्या शहरात हा मजकूर लिहिला गेला तिथे तो कोणाला उद्देशून होता हे सांगायला नको. शेजाऱ्याचीच वास्तुभाषा घेऊन शेजाऱ्याशी केलेला हा वाद आहे, आणि तो समजण्यासाठी दोन्ही बाजू ठाऊक असाव्या लागतात.

'इस्लाममध्ये चित्रे नाहीत' हे वाक्य वहीत लिहिले असेल तर खोडून टाका. जॉर्डनमधील कुसैर अम्रा या आठव्या शतकातील स्नानगृहाच्या भिंतींवर शिकार, स्नान करणाऱ्या स्त्रिया आणि घुमटात राशिचक्र रंगवलेले आहे. त्याच प्रदेशातील मुशत्ता प्रासादाचा कोरीव दर्शनी भाग आज बर्लिनमध्ये आहे. दगडातल्या द्राक्षवेलींत सिंह, पक्षी आणि काल्पनिक प्राणी पाणी पितात, मात्र प्रवेशद्वाराच्या उजव्या बाजूला वेली तशाच राहतात आणि प्राणी नाहीसे होतात. त्या बाजूला भिंतीमागे मशीद होती, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. एकाच दर्शनी भागावर कारागिरांनी ही रेषा पाळली, याचा अर्थ बंधन स्थळाचे होते. राजवाड्यात आणि हमामात (स्नानगृहात) चित्रे चालत, प्रार्थनेच्या जागी चालत नसत.

तंत्राच्या दृष्टीने कोर्दोबाच्या मशिदीवर एक आठवडा घालवा. ७८० च्या दशकात काम सुरू झाले तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींचे खांब हाताशी होते, पण ते बुटके होते, आणि एवढ्या विस्तीर्ण दालनाला बुटके छप्पर घातले तर आत गुदमरल्यासारखे झाले असते. म्हणून खांबावर चौकोनी स्तंभ चढवला, खालची कमान नालेच्या आकाराची करून तिने स्तंभ एकमेकांना बांधून ठेवले आणि छप्पर वरच्या कमानीवर टाकले. तांबडी वीट आणि फिकट दगड आलटूनपालटून वापरल्यामुळे ते पट्टे दिसतात. पाहणाऱ्याला ते खजुरीच्या बनासारखे भासते, आणि तसे भासणे गैर नाही, पण त्यामागे छपराची उंची वाढवण्याचा अगदी व्यावहारिक पेच होता. पुढे ९६० च्या दशकात खलिफा दुसऱ्या अल-हकमने मिहराबासमोर (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर) सोनेरी कुट्टिमचित्रे करून घेतली, तेव्हा बायझंटिन सम्राटाने कारागीर आणि काचेचे तुकडे पाठवल्याचे अरबी इतिहासकार सांगतात.

आणि आता ज्या वास्तूसाठी मी हे सगळे लिहीत आलो ती: सिसिलीतील पालेर्मोचे राजप्रासादातील चॅपेल. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ते ११३० आणि ११४० च्या दशकांत बांधवले. लांबट मध्यदालन लॅटिन बॅसिलिकेचे आहे. वेदीवरच्या घुमटात ग्रीक लेख असलेली बायझंटिन पद्धतीची कुट्टिमचित्रे आहेत. मध्यदालनाचे लाकडी छत मुकर्नसचे, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लोंबत्या कोनाड्यांचे आहे आणि त्यावर अरबी अक्षरांत शुभेच्छा व भोवती वादक, बुद्धिबळ खेळणारे आणि पेला हातात घेऊन बसलेले दरबारी रंगवले आहेत. याच राजाचा तांबड्या रेशमाचा झगा आज व्हिएन्नात आहे. मधोमध झाड, दोन्ही बाजूंना उंटावर झेप घेणारा सिंह, आणि काठावर सोन्याच्या धाग्याने कूफी या कोनदार अरबी लिपीत तो पालेर्मोच्या राजकार्यशाळेत हिजरी ५२८ मध्ये, म्हणजे ११३३-३४ साली, तयार झाल्याची नोंद. हा अरबी मजकूर असलेला झगा पुढे पवित्र रोमन सम्राटांनी राज्याभिषेकाच्या वेळी अंगावर घेतला. हा झगा कोणत्या प्रकरणात टाकायचा?

निळी शाई

तिघांचेही मनापासून आभार. मी सांता कोस्तान्झा, सान व्हिताले आणि जेरुसलेमचा घुमट यांचे तलविन्यास एकाखाली एक काढले, आणि आतले वलय, त्याभोवतीची फिरण्याची जागा व बाहेरची भिंत या तीन थरांनी पहिल्यांदाच मला वास्तूचा स्वभाव कळल्यासारखे वाटले. झग्याविषयीचा प्रश्न दोन दिवस मनात घोळतो आहे. आता एकच राहिले: गॉथिक. ११४४ हे वर्ष मी पाठ केले खरे, पण सेंट डेनिसमध्ये नेमके नवे काय घडले हे मला अजूनही समजलेले नाही.

उंच जोते

सुटे सुटे पाहिले तर जवळजवळ काहीच नवे नव्हते, आणि म्हणूनच ते वर्ष फसवे आहे. फासळीदार कमानछत, म्हणजे दगडी फासळ्यांच्या आधारावरचे कमानींचे छत, इंग्लंडमधील डरहॅम कॅथीड्रलमध्ये १०९३ ते ११३३ या काळात घातले गेले होते. टोकदार कमान इस्लामी वास्तूंत कित्येक शतके आधीपासून होती आणि बर्गंडीतील रोमनेस्क चर्चांतही आलेली होती. मठाधिपती सूजेरच्या सेंट डेनिसमध्ये ही साधने अशा रीतीने एकत्र आली की वेदीमागच्या छोट्या चॅपेलांमधल्या भिंती जवळपास नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी रंगीत काच बसली. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते. टोकदार कमान वेगवेगळ्या रुंदीवर एकाच उंचीपर्यंत नेता येते, शिवाय ती बाजूला कमी रेटा देते. उरलेला रेटा पुढच्या पिढीत बाहेरच्या तिरक्या आधारांनी पेलला. फ्रान्समध्ये ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या शार्त्र कॅथीड्रलमध्ये हे गणित पूर्ण सुटलेले दिसते, आणि बोव्हेमध्ये सुमारे ४८ मीटर उंचीचे छत १२८४ मध्ये कोसळले तेव्हा त्याची मर्यादाही दिसली. शार्त्र आणि बोव्हे यांचे उभे छेद शेजारी ठेवा. काजवा यांनी उभ्या छेदाविषयी जे लिहिले ते इथे मला पूर्ण मान्य करावे लागते.

निळी शाई

उत्तम. सरावासाठी मी सान व्हितालेतील सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची दोन कुट्टिमचित्रे निवडली आणि एक तास काही न वाचता नुसती पाहत राहिले. थिओडोराच्या हातात रत्नजडित चषक आहे, आणि तिच्या जांभळ्या झग्याच्या काठाकडे पाहिले तर तिथे तीन छोट्या आकृती भेटी घेऊन पुढे चाललेल्या विणलेल्या आहेत. म्हणजे बाळ येशूला भेटी देणारे तीन ज्ञानी पुरुषच. ती जे करते आहे तेच तिच्या वस्त्रावर घडते आहे. दुसऱ्या चित्रात मात्र मी अडखळले. बिशप मॅक्सिमियानस सम्राटाच्या पुढे उभा आहे असे पायांवरून वाटते, पण सम्राटाच्या हातातले सोनेरी पात्र बिशपच्या हातावरून पुढे येते. मग पुढे कोण? मला नीट दिसत नाही, की ते मुद्दाम तसे केले आहे?

काजवा

तुम्हाला अगदी बरोबर दिसते आहे. दोघेही एकाच वेळी पुढे आहेत आणि मागेही आहेत. सत्ता आणि धर्मपीठ यांतले कोण वरचढ, हा प्रश्न कारागिराने बहुधा जाणूनबुजून उघडा ठेवला. त्यात भर म्हणजे नाव फक्त बिशपच्या डोक्यावर लिहिले आहे. सम्राट राव्हेन्नाला कधी आलाच नव्हता, ५४७ मध्ये चर्च समर्पित करणारा बिशप मात्र तिथेच होता.

पुढचा तास त्याच शहरातील सांत-अपोलिनारे नुओव्होमध्ये घालवा. तिथे ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याच्या प्रासादाचे कुट्टिमचित्र आहे. राजा ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या आरियन पंथाचा होता. बायझंटिन सैन्याने ५४० मध्ये शहर घेतल्यावर, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च कॅथलिक पंथाकडे आले, आणि खांबांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसांची चित्रे उकरून तिथे पडदे बसवण्यात आले. आता पडद्यांकडे न पाहता पांढऱ्या खांबांकडे पाहा. खांबांचे तुकडे मूळचेच राहिले, म्हणून त्यांतल्या काहींवर आजही एखादा हात आणि बोटे दिसतात, आणि त्या हाताचा माणूस शेजारी नसतो.